क्षयाचा जीवाणू मॅक्रोफेजमध्ये मरत का नाही?

प्रश्न असा : मॅक्रोफेज पेशींचं कामच मुळी जीवाणू गिळून मारण्याचं. मग क्षयाचा जीवाणू नेमका त्यांच्यातच कसा राहतो आणि वाढतो? 'तो लायसोसोमला (पेशीतल्या पचनाच्या आम्लयुक्त पिशवीला) जवळ येऊ देत नाही' हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर पुरेसं आहे का?

ते उत्तर खरं आहे, पण तिथेच थांबलं तर पुढचं फारसं काही उलगडत नाही. औषधं महिनोन्‌महिने का घ्यावी लागतात, एकाच फुप्फुसात काही जीवाणू मरतात आणि काही वर्षानुवर्षं का टिकतात, बीसीजी लसीतला जीवाणू दुबळा का आहे, हे त्यातून समजत नाही. लायसोसोमला रोखणं ही या जीवाणूची पहिली चाल आहे. ती फसली तरी तो लगेच मरत नाही. आम्ल, ऑक्सिडीकारक रेणू, उपासमार, धातूंची टंचाई या प्रत्येकासाठी त्याची वेगळी तयारी असते. शिवाय निकाल फक्त जीवाणूवर ठरत नाही. ज्या पेशीत तो शिरला ती पेशी त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे, यालाही तेवढंच महत्त्व आहे.

सुरुवात प्रवेशापासून करू. रुग्णाच्या खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांपैकी मोठे थेंब नाकात आणि श्वासनलिकांच्या चिकट स्रावात अडकतात. १ ते ५ मायक्रॉन आकाराचे, जवळजवळ सुकलेले कणच वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे भेटतात ते वायुकोशांतले मॅक्रोफेज. धूळ आणि जुनं सर्फॅक्टंट (वायुकोश उघडे ठेवणारा स्राव) गाजावाजा न करता साफ करत राहणं हे त्यांचं रोजचं काम. प्रत्येक कणाला दाह पेटवला तर फुप्फुसात हवेची देवाणघेवाणच बंद पडेल, म्हणून या पेशी मुळातच शांत असतात आणि ऊर्जेसाठी बरीचशी मेदाम्लांवर चालतात. उंदरांत संसर्गाचा पहिला आठवडाभर जवळजवळ सगळे जीवाणू याच पेशींत सापडतात. नंतर रक्तातून येणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून तयार झालेले मॅक्रोफेज ग्लुकोजवर जास्त चालतात आणि जीवाणूला जास्त आवर घालतात. म्हणजे पहिला मुक्कामच त्याला सर्वांत सोयीच्या पेशीत मिळतो.

पेशीत शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. जीवाणूच्या आवरणावरचं मॅनोज-युक्त लिपोअरॅबिनोमॅनन हे पेशीवरच्या मॅनोज ग्राहकाला (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. रक्तद्रवातल्या कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांचा थर बसला असेल तर कॉम्प्लिमेंट ग्राहक ३ मधून प्रवेश होतो. प्रतिपिंडांचा थर असेल तर एफसी ग्राहकातून. कोणत्या दारातून आत आला यावर पुढचा प्रवास बराच बदलतो आणि प्रयोग करणाऱ्यांनी हे विसरू नये. त्याचा उल्लेख खाली पुन्हा येईल.

आता नेहमीचा क्रम पाहू. गिळलेला कण पटलाच्या पिशवीत, म्हणजे फॅगोसोममध्ये, बंद होतो. तिच्यावर आधी रॅब५ हे प्रथिन बसतं. त्याच्या साहाय्याने पिशवीच्या पटलावर पीआय३पी नावाचा मेदरेणू तयार होतो आणि त्याला ईईए१सारखी जोडणी प्रथिनं चिकटतात. मग रॅब५ जाऊन रॅब७ येतं, प्रोटॉन पंप बसवले जातात, सामू उतरू लागतो आणि शेवटी लायसोसोम येऊन मिसळतात. निरुपद्रवी जीवाणूच्या बाबतीत हे सगळं सहसा तासाभरात उरकतं. आतला सामू ४.५ ते ५ पर्यंत येतो आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं कामाला लागतात.

क्षयाचा जीवाणू ही वाटचाल रॅब५ आणि रॅब७ यांच्या मधल्या टप्प्यावर अडवतो. पिशवीवर रॅब५ राहतं, रॅब७ नीट बसत नाही, प्रोटॉन पंप जवळजवळ येतच नाहीत आणि सामू ६.२ ते ६.४ च्या आसपास थबकतो. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजमधले लायसोसोम फेरिटिन या लोहयुक्त प्रथिनाने चिन्हांकित केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिवंत जीवाणूंच्या पिशव्यांत फेरिटिन फारसं पोचत नव्हतं, मेलेल्या जीवाणूंच्या पिशव्यांत पोचत होतं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथून आलं. पण त्याच दोघांचं १९७५ चं काम तितकंच महत्त्वाचं असून ते फार कमी सांगितलं जातं. त्यांनी जीवाणूंवर आधी प्रतिपिंडांचा थर चढवला. लायसोसोम येऊन मिसळले, तरीही जीवाणू जगले आणि वाढले. लायसोसोम अडवणं हे जगण्याचं एकमेव कारण नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

अडवण्याचं काम एका रेणूचं नाही. लिपोअरॅबिनोमॅनन पेशीतला कॅल्शियमचा इशारा दाबतं, त्यामुळे पीआय३पी बनवणारं एन्झाइम पुरेसं कामाला लागत नाही. तरीही जो पीआय३पी तयार होतो, त्याचा फॉस्फेट गट सॅपएम हे जीवाणूचं फॉस्फेटेज काढून टाकतं. पीटीपीए हे दुसरं फॉस्फेटेज पेशीद्रवात जाऊन दोन ठिकाणी घाव घालतं : पटलं जुळवणाऱ्या व्हीपीएस३३बी या प्रथिनाचा फॉस्फेट काढतं आणि प्रोटॉन पंपाच्या एच या घटकाला चिकटून पंप पिशवीवर बसू देत नाही. पीकेएनजी हे कायनेजही (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) लायसोसोमशी होणारा संयोग रोखतं. इतकी माणसं एकाच दारावर का, असं वाटेल. पण यांपैकी एखादं जनुक काढलं तर जीवाणू दुबळा होतो, पूर्ण निकामी क्वचितच होतो. एकाच रेणूवर औषध शोधणाऱ्यांना हा सगळ्यात मोठा अडथळा आहे.

त्या मधल्या टप्प्यावर थांबण्यात त्याचा दुसराही फायदा आहे. पेशी बाहेरून ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनावाटे लोह आत घेते आणि ट्रान्सफेरिन ज्या सुरुवातीच्या पिशव्यांतून फिरतं, त्यांच्याशी जीवाणूच्या पिशवीची देवाणघेवाण चालू राहते. म्हणजे आम्ल टळतं आणि लोहाची वाटही उघडी राहते. ते लोह ओढून घ्यायला तो मायकोबॅक्टिन आणि पाण्यात विरघळणारं कार्बॉक्सीमायकोबॅक्टिन सोडतो. शरीर यावर उलट उपाय करतं. इंटरफेरॉन गॅमा (रोगप्रतिकारक टी पेशींचा इशारा-रेणू) मिळाल्यावर मॅक्रोफेज ट्रान्सफेरिनचे ग्राहक कमी करतात आणि एनरॅम्प१ हे प्रथिन पिशवीतून धातू बाहेर खेचतं. जस्त आणि तांब्याच्या बाबतीत डाव उलटा असतो : पेशी ते पिशवीत जास्त प्रमाणात ओतून जीवाणूला विषबाधा करू पाहते आणि जीवाणू ते पंपांनी बाहेर टाकतो.

समजा मॅक्रोफेजला टी पेशींकडून इंटरफेरॉन गॅमा मिळाला आणि अडवणूक मोडली. सामू ५.५ च्या खाली गेला. बहुतेक जीवाणू इथे गारद होतात. क्षयाच्या जीवाणूचं आवरण मात्र वेगळं आहे. पेप्टिडोग्लायकॅन या जीवाणूभित्तीच्या जाळीवर अरॅबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा आणि त्यावर ६० ते ९० कार्बन लांबीची मायकॉलिक आम्लं, असा मेणचट थर असतो. हा जीवाणू ओळखण्याच्या झील-नील्सन रंगक्रियेत आम्लाने धुतल्यावरही लाल रंग टिकतो तो याच थरामुळे. आवरणाशी बसलेलं मार्पी हे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) जीवाणूच्या आतला सामू तटस्थ ठेवायला लागतं. ते काढलेला जीवाणू आम्लात तग धरत नाही आणि उंदरातही टिकत नाही. फोपी-फोआर ही प्रथिनांची जोडी बाहेरचं आम्ल ओळखून जनुकांची मोठी मालिका बदलते. शिवाय ट्युबर्क्युलोसिनिल ॲडेनोसिन नावाचा एक क्षारीय मेदरेणू तो स्वतः बनवून सोडतो. हा रेणू लायसोसोममध्ये साठतो आणि तिथलं आम्ल शमवतो.

ऑक्सिडीकारक माऱ्यालाही असाच बहुपदरी प्रतिकार आहे. सुपरऑक्साइडसाठी डिस्म्युटेज, हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी केटजी हे कॅटॅलेज-पेरॉक्सिडेज, अल्किल पेरॉक्साइडसाठी एएचपीसी. आपल्या पेशी ग्लुटाथायोन वापरतात, हा जीवाणू त्याऐवजी मायकोथायोल वापरतो. जीवाणूंत सहसा न आढळणारं प्रोटिएसोम (नको असलेली प्रथिनं तोडणारी यंत्रणा) त्याच्याकडे आहे आणि नायट्रिक ऑक्साइडच्या माऱ्यात टिकायला ते लागतं. इथे एक इशारा. नायट्रिक ऑक्साइडची बहुतेक माहिती उंदरांच्या मॅक्रोफेजवरून आली आहे. उंदरांच्या पेशी तो भरपूर बनवतात, संवर्धनातल्या मानवी पेशी फारच कमी. उंदरातला निष्कर्ष माणसाला लावताना इथे हमखास घसरायला होतं.

केटजीची गोष्ट औषधोपचारापर्यंत येते. आयसोनियाझिड हे औषध दिलं जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं. त्याला सक्रिय करतं ते जीवाणूचं हेच केटजी. हे जनुक पूर्ण गेलं तर औषध चालणार नाही, पण पेरॉक्साइडपासूनचं संरक्षणही जाईल. म्हणून रुग्णांत आढळणाऱ्या प्रतिकारक जीवाणूंत सर्वाधिक दिसतो तो ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आलेला बदल. त्यात औषध सक्रिय होणं जवळजवळ थांबतं आणि कॅटॅलेजचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. मॅक्रोफेजमध्ये जगायची गरज कोणता प्रतिकार पसरेल हे कसं ठरवते, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

अन्नाचा मुद्दा अनेकदा दोन ओळींत उरकला जातो, तो तसा उरकू नये. मॅक्रोफेजमध्ये या जीवाणूचा मुख्य आहार यजमानाची मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल हा आहे. कोलेस्टेरॉल आत घ्यायला एमसीई४ ही वाहक यंत्रणा लागते. मेदाम्लांवरच जगायचं तर नेहमीच्या सायट्रिक आम्ल चक्रात दोन कार्बन वाया जातात आणि नवी शर्करा बनवायला काही उरत नाही. ती गळती टाळणारा ग्लायॉक्सिलेट मार्ग आयसोसायट्रेट लायेज या एन्झाइमवर चालतो. जीवाणूत त्याची दोन जनुकं आहेत. दोन्ही काढली तर तो उंदराच्या फुप्फुसात वाढूच शकत नाही आणि लवकर साफ होतो. माणसात हे एन्झाइम नाही, त्यामुळे औषधासाठी ते आदर्श लक्ष्य वाटतं. अडचण अशी की त्याची सक्रिय जागा लहान आणि पाणीप्रिय आहे. तिथे घट्ट बसेल आणि मेणचट आवरणातूनही जाईल असा रेणू घडवणं फार कठीण ठरलं आहे.

कोलेस्टेरॉल तोडताना प्रोपिओनिल-कोए तयार होतो आणि तो साठला तर जीवाणूलाच विष. त्याची विल्हेवाट तो मेथिलसायट्रेट चक्रात लावतोच, शिवाय त्यातूनच पीडीआयएमसारखे आवरणातले मेदरेणू बनवतो. हा पीडीआयएम पुढे पेशीचं पटल फाडायला मदत करतो. यजमानाच्या मेदातूनच यजमानावर वापरायचं साधन तयार होतं. थोडं अन्न तो ट्रायग्लिसराइडच्या रूपात स्वतःत साठवूनही ठेवतो आणि वाढ मंदावलेल्या काळात त्यावर जगतो. ट्रिप्टोफॅनचंही असंच. इंटरफेरॉन गॅमामुळे पेशी ट्रिप्टोफॅन संपवून जीवाणूची उपासमार करू पाहते, पण हा जीवाणू तो स्वतः बनवतो.

आता ईएसएक्स-१. ही प्रथिनं बाहेर टाकणारी यंत्रणा आहे आणि ईसॅट-६ व सीएफपी-१० ही तिची सर्वांत परिचित प्रथिनं. तिच्यामुळे फॅगोसोमचं पटल फाटतं, पिशवीतलं पेशीद्रवात झिरपतं आणि काही जीवाणू स्वतःही पेशीद्रवात पोचतात. ईसॅट-६ हे एकटंच पटलाला भोकं पाडतं असं बराच काळ सांगितलं गेलं. पुढे दिसलं की शुद्ध केलेल्या प्रथिनात उरलेला डिटर्जंटच त्या प्रयोगांतल्या परिणामाला बराचसा कारणीभूत होता आणि खऱ्या संसर्गात जीवाणूचा पटलाशी प्रत्यक्ष संपर्क लागतो. जुनी पुस्तकं वाचताना हे लक्षात ठेवा.

फाटलेल्या पिशवीतून जीवाणूचा डीएनए पेशीद्रवात आला की सीगॅस हे प्रथिन तो ओळखतं, स्टिंगमार्फत इशारा जातो आणि पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन तयार होतात. विषाणूंविरुद्ध ते उपयोगी, पण क्षयात ते आयएल-१ या दाहाच्या इशारा-रेणूचा संरक्षक परिणाम कमी करतात. सक्रिय क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात या इंटरफेरॉनची ठळक छाप दिसते. याच फाटण्यामुळे ऑटोफॅजीही जागी होते : जीवाणूवर युबिक्विटिनची खूण बसते आणि पेशी त्याला नव्या पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे पाठवते. म्हणजे पटल फाडणं जीवाणूलाही फुकट पडत नाही. ईआयएससारख्या प्रथिनांनी तो ऑटोफॅजीलाही लगाम घालतो.

बीसीजीच्या जीवाणूत नेमका हाच भाग नाही. काल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा नव्या माध्यमावर पुन्हा वाढवून तो तयार केला, तेव्हा आरडी१ हा सुमारे ९,५०० बेसजोड्यांचा डीएनएचा तुकडा गळून पडला. ईएसएक्स-१ ची मुख्य जनुकं त्यातच होती. बीसीजी म्हणून पेशीत फारशी पडझड करत नाही. याचा व्यवहारातला फायदा असा की ईसॅट-६ आणि सीएफपी-१० वापरून केलेली इंटरफेरॉन गॅमा रक्तचाचणी बीसीजी घेतल्यामुळे सकारात्मक येत नाही; ट्युबरक्युलिनची जुनी त्वचाचाचणी मात्र येऊ शकते.

पेशी कशी मरते, हा प्रश्न जीवाणूसाठी निर्णायक आहे. ॲपोप्टोसिसमध्ये पेशी आपलं पटल शाबूत ठेवून आवरतं घेते, जीवाणू आतच बंद राहतात आणि शेजारचा मॅक्रोफेज ते गाठोडं गिळून थेट लायसोसोममध्ये नेतो. नेक्रोसिसमध्ये पेशी फुटते आणि जीवाणू मोकळे होतात. क्षयाचा जीवाणू सुरुवातीला ॲपोप्टोसिस दाबतो. एनयूओजी हे त्यातलं एक ज्ञात जनुक. संख्या वाढली की तो पेशीला नेक्रोसिसकडे ढकलतो. टीएनटी हे त्याचं विष पेशीद्रवातला एनएडी तोडून टाकतं आणि पेशीची ऊर्जाच संपते. मेलेल्या मॅक्रोफेजच्या अवशेषांत तर तो जिवंत पेशीपेक्षाही जोमाने वाढतो. त्या अवशेषांची साफसफाई करायला आलेला पुढचा मॅक्रोफेज एकाऐवजी पुंजकाभर जीवाणू गिळतो आणि तोही लवकर मरतो.

यातूनच गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, उभी राहते. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने बांधलेली भिंत, असं पूर्वी मानलं जाई. झेब्रामाशातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनमच्या कामाने चित्र बदललं : ईएसएक्स-१ मुळे आजूबाजूच्या पेशी एमएमपी९ हे एन्झाइम सोडतात, नवे मॅक्रोफेज ओढले जातात आणि जीवाणूला नवी घरं मिळतात. मला वाटतं दोन्ही खरं आहे, वेळेनुसार. टीएनएफ हा दाहाचा इशारा-रेणू कमी पडला तर ग्रॅन्युलोमा ढासळतो. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध घेणाऱ्यांत जुना क्षय उफाळतो तो त्यामुळे. टीएनएफ जास्त झाला तर मॅक्रोफेज नेक्रोसिसने मरतात आणि तेही जीवाणूच्याच पथ्यावर पडतं. गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी होतो. ते आणि नायट्रिक ऑक्साइड ओळखून डॉसआर ही नियंत्रक यंत्रणा सुमारे ४८ जनुकं चालू करते आणि जीवाणू वाढ थांबवून नुसता जगत राहतो.

टी पेशी उशिरा पोचतात, हाही या जीवाणूचाच लाभ. उंदरांत लसिकाग्रंथीत टी पेशी जाग्या व्हायलाच आठवड्याहून जास्त काळ जातो. माणसात त्वचाचाचणी सकारात्मक व्हायला साधारण २ ते ८ आठवडे लागतात. तोवर २० तासांच्या आसपास एकदा दुप्पट होणारा जीवाणू पुरेसा पसरलेला असतो. इंटरफेरॉन गॅमा किंवा आयएल-१२ च्या मार्गात जन्मजात दोष असलेल्या मुलांना बीसीजीसारखा दुबळा जीवाणूही गंभीर आजार देतो. एचआयव्हीत सीडी४ टी पेशी घटल्या की क्षय उसळतो. मॅक्रोफेजला बाहेरून मिळणारा हा इशारा किती मोलाचा आहे, हे या दोन गोष्टींवरून कळतं.

ड जीवनसत्त्वाबद्दल नेहमी विचारलं जातं. मानवी मॅक्रोफेजमध्ये टीएलआर२/१ हा जीवाणू ओळखणारा ग्राहक जागा झाला की पेशी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनवते आणि त्यातून कॅथेलिसिडिन हे जीवाणूनाशक पेप्टाइड तयार होतं. २००६ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. पण त्यावरून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या क्षय बरा करतात असं होत नाही. माणसांवरच्या चाचण्यांत एकूण फायदा ठळक दिसलेला नाही. कमतरता असेल तर भरून काढावी, औषधांना पर्याय म्हणून मुळीच घेऊ नये.

औषधांकडे आता या नजरेने पाहा. आयसोनियाझिड मायकॉलिक आम्लाची जडणघडण थांबवतं, म्हणून वाढत्या जीवाणूंना ते झपाट्याने मारतं आणि थांबलेल्यांना फारसं शिवत नाही. रिफाम्पिसिन मधूनमधून जागे होणाऱ्यांनाही गाठतं आणि गाठीतल्या पनीरसदृश मृत भागातही साठतं. पायराझिनामाइड आम्लात परिणामकारक असतं, त्यामुळे सामू खरोखर खाली गेलेल्या मॅक्रोफेजमध्येच त्याचा प्रभाव दिसतो. ६.३ वर थबकलेल्या पिशवीत ते कमी पडतं. बेडाक्विलिन एटीपी बनवणारं एन्झाइम बंद करतं, त्यामुळे न वाढणारा जीवाणूही त्यातून सुटत नाही. याशिवाय मॅक्रोफेजमध्ये काही दिवस राहिल्यावर जीवाणूचे औषध बाहेर फेकणारे पंप वाढतात आणि जनुकीय बदल नसतानाही तो औषध सहन करू लागतो. एकाच शरीरात इतक्या वेगवेगळ्या अवस्थांतले जीवाणू असतात, म्हणून औषधांना दाद देणाऱ्या जीवाणूंसाठी नेहमीची मांडणी २ महिने चार औषधं आणि मग ४ महिने दोन किंवा तीन औषधं अशी आहे. खोकला आणि ताप पहिल्या काही आठवड्यांत जातात, कारण वाढते जीवाणू मरतात. उरलेले लक्षणं देत नाहीत. मधेच औषध सोडलं तर आजार उलटतो तो या उरलेल्यांमुळे.

शेवटी, हे मॅक्रोफेजवर तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. जिवंत रोगकारक जीवाणूचं संवर्धन तिसऱ्या जैवसुरक्षा स्तराच्या प्रयोगशाळेतच करायचं. ती सोय नसेल तर बीसीजी किंवा पँटोथेनेट आणि ल्यूसिन स्वतः बनवू न शकणारं दुर्बल केलेलं वाण वापरतात. बीसीजीवर पटल फाटण्याचा प्रश्न विचारता येत नाही, कारण ईएसएक्स-१ नाही. एच३७आरए या जुन्या वाणातही फोपीमध्ये दोष आहे, त्यामुळे तेही निर्दोष पर्याय नाही.

सर्वाधिक प्रयोग बिघडतात ते गुठळ्यांमुळे. ७एच९ या द्रव माध्यमात ०.०५ टक्के ट्वीन-८० हा डिटर्जंट घालून जीवाणू वाढवा आणि ६०० नॅनोमीटरला घनता ०.४ ते ०.८ असतानाच घ्या. गाळ काचेच्या मण्यांसोबत मिनिटभर हलवून सुटा करा, माध्यमात मिसळा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०० ते २०० जी वर ५ ते १० मिनिटं हळू फिरवा आणि वरचा भागच वापरा. हवं तर ५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. मॅक्रोफेजमागे एक जीवाणू असं प्रमाण ठरवलं तरी ते घनतेवरून फक्त अंदाजे येतं, म्हणून वापरलेलं द्रावण प्रत्येक वेळी प्लेटवर पसरून खरी संख्या मोजा. पेशीमागे १० च्या वर गेलात तर पेशी मरू लागतात आणि मग मोजमाप जीवाणूच्या जगण्याचं राहत नाही.

टीएचपी-१ या मानवी मोनोसाइट पेशी वापरत असाल तर २० ते १०० नॅनोमोलर पीएमए (त्यांना मॅक्रोफेजसारखं बनवणारं रसायन) २४ ते ४८ तास द्या आणि नंतर एक दिवस पीएमएविना विश्रांती द्या. विश्रांती न दिल्यास पेशी आधीच उत्तेजित असतात. सर्वांत महत्त्वाचं : पेशींच्या माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नको. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचंच औषध आहे आणि ते विसरल्यामुळे 'मॅक्रोफेजने जीवाणू मारले' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. संसर्गाच्या किमान एक दिवस आधी माध्यम बदला. सीरम ५६ अंशांवर तापवलं असेल तर कॉम्प्लिमेंट निष्क्रिय होतं आणि प्रवेशाची वाट बदलते, म्हणून तापवलेलं की न तापवलेलं हे ठरवून सर्व प्रयोगांत एकसारखं ठेवा.

४ तास संसर्ग, कोमट बफरने तीन वेळा धुणं. बाहेर उरलेले जीवाणू मारायला २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ॲमिकॅसिन तास-दोन तास पुरे. जास्त वेळ ठेवलं तर ते हळूहळू पेशीतही शिरतं. मग शून्य वेळ, १, ३ आणि ५ व्या दिवशी ०.०५ टक्के एसडीएस किंवा ०.१ टक्के ट्रायटनने पेशी फोडून दहापटींत विरलन करा, ७एच१० या घन माध्यमावर पसरा आणि ३७ अंशांवर ३ ते ४ आठवडे थांबा. लायसोसोमशी संयोग पाहताना लॅम्प१ (लायसोसोमच्या पटलावरचं प्रथिन) आणि आम्लाकडे ओढला जाणारा रंग, दोन्ही वापरा. लॅम्प१ असूनही सामू उतरलेला नसणं शक्य आहे. उष्णतेने मारलेले जीवाणू तुलनेसाठी हवेतच.

आणि वसाहतींची संख्या घटली की लगेच जीवाणू मेले असं धरू नका. संसर्ग झालेल्या पेशी मरून तळापासून सुटतात आणि धुताना त्यांच्यासोबत जीवाणूही जातात. त्याच प्लेटमधल्या पेशींची संख्या प्रत्येक वेळी मोजा, वरच्या द्रवातले जीवाणूही पसरून पाहा, आणि हे दोन्ही आकडे सोबत ठेवूनच वसाहतींचा आकडा वाचा.